नामांतराचा प्रश्न आणि सत्तेच्या तीन पातळ्या : राजकीय समाजशास्त्रातील बदलत्या दृष्टी

१

राज्यसंस्था, कायदे, घटना आणि शासनव्यवहार यांचा अभ्यास हे राज्यशास्त्राचे परंपरागत क्षेत्र होय. समाजातील गट, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यांची मूल्ये हा समाजशास्त्राचा विषय. या दोहोंच्या सीमारेषेवर राजकीय समाजशास्त्र उभे आहे. सत्ता कोणाच्या हाती आहे एवढाच प्रश्न ते विचारीत नाही. ती सत्ता समाजाच्या कोणत्या रचनेतून निर्माण होते, ती कोणाला मान्य असते आणि ती मान्यता कशी टिकते किंवा कशी ढळते, हे त्याचे खरे प्रश्न आहेत. गेल्या शतकभरात या प्रश्नांची उत्तरे तर बदललीच. पण सत्ता नेमकी कोठे शोधावयाची, याविषयीची कल्पनाही बदलत गेली.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या बदलाची दखल घेणे भाग आहे. दलित आत्मकथने, ग्रामीण कादंबरी, सत्यशोधकी जलसे, स्त्रियांची लेखने यांचा विचार करताना सत्ता, धुरीणत्व, प्रतिकार, अस्मिता हे शब्द आता सर्रास वापरले जातात. या शब्दांमागील विचारव्यूह ठाऊक नसेल, तर ते केवळ अलंकारापुरते उरतात. प्रस्तुत लेखात या विचारव्यूहाची क्रमवार मांडणी केली असून, तो महाराष्ट्रातीलच एका घटनाक्रमावर पारखून पाहिला आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न हा तो घटनाक्रम. एका नावासाठी सोळा वर्षे चाललेला हा संघर्ष कोणत्याही एका दृष्टीच्या कक्षेत पूर्णपणे मावत नाही. म्हणूनच या विवेचनासाठी तो उपयुक्त ठरतो.

२

राजकीय समाजशास्त्राचा पाया कार्ल मार्क्स आणि मॅक्स वेबर यांच्या विचारांत आहे. मार्क्सने राजकीय सत्तेचे मूळ उत्पादनसंबंधांत दाखविले. वेबरने वर्ग, प्रतिष्ठागट आणि पक्ष ही सत्तेची तीन भिन्न अधिष्ठाने मानली. तसेच परंपरा, नेत्याचे दिव्य व्यक्तिमत्त्व आणि कायदा हे अधिमान्यतेचे तीन प्रकार सांगितले. रॉबर्टो मिचेल्स याने १९११ मध्ये जर्मन समाजवादी पक्षाच्या अभ्यासातून असे दाखविले की, समतेचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेतही सत्ता अखेर मूठभरांच्या हाती एकवटते. मोस्का आणि पारेतो यांच्या अभिजनविषयक विवेचनाला यामुळे अनुभवाचा आधार मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या शाखेचे केंद्र अमेरिकेकडे सरकले. लिप्सेट यांचा 'पोलिटिकल मॅन' हा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. आमंड व वर्बा यांनी १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि मेक्सिको या पाच देशांतील नागरिकांच्या मुलाखतींच्या आधारे राजकीय संस्कृतीची तुलना केली. या अभ्यासांमागे एक गृहीतक होते. समाज परंपरेकडून आधुनिकतेकडे जातो, आणि जसजसा तो आधुनिक होतो तसतशा जात, धर्म, कुल या निष्ठा मागे पडून नागरिकत्वाची निष्ठा पुढे येते, असे ते गृहीतक होय.

याच काळात सत्तेच्या स्वरूपाविषयी एक महत्त्वाचा वाद झडला. अमेरिकेत सत्ता एका संघटित अभिजनवर्गाकडे आहे, असे सी. राइट मिल्स यांनी १९५६ मध्ये प्रतिपादिले. रॉबर्ट डाल यांनी १९६१ मध्ये न्यू हेवन शहराच्या अभ्यासातून याला उत्तर दिले. नागरी पुनर्विकास, शिक्षण आणि पक्षांच्या उमेदवाऱ्या या तीन क्षेत्रांतील प्रत्यक्ष निर्णय कोणी घेतले, हे त्यांनी तपासले, आणि प्रत्येक क्षेत्रात प्रभावी माणसे निराळी असल्याचे दाखविले. निर्णय पाहा म्हणजे सत्ता दिसेल, हे त्यांचे सूत्र होते.

१९६२ मध्ये बॅक्रॅक आणि बॅराट्झ यांनी या सूत्रातील उणीव दाखवून दिली. जो प्रश्न निर्णयापर्यंत पोहोचूच दिला जात नाही, त्याचे काय? एखादी मागणी चर्चेलाच येऊ न देणे, आली तर तिचा निर्णय लांबवणे, झालेला निर्णय अमलात न आणणे, हेही सत्तेचेच रूप आहे. स्टीव्हन ल्यूक्स यांनी १९७४ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. सत्तेची पहिली पातळी निर्णयाची आणि दुसरी अनिर्णयाची. तिसरी पातळी यांहून खोल असते. तेथे माणसांच्या इच्छाच अशा घडविल्या जातात की, मागणी करावी असे त्यांना वाटतच नाही. ल्यूक्स यांनी यासाठी मॅथ्यू क्रेन्सन यांच्या अभ्यासाचा आधार घेतला. शेजारशेजारच्या दोन औद्योगिक शहरांपैकी ईस्ट शिकागोने हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा नियम १९४९ मध्ये केला. पोलाद कंपनीच्या छायेतील गॅरी शहराला त्यासाठी १९६२ साल उजाडावे लागले. कंपनीने उघड विरोध केला नव्हता. तिची प्रतिष्ठाच हा प्रश्न दूर ठेवण्यास पुरेशी होती.

ग्राम्शीच्या तुरुंगातील टिपणांची इंग्रजी निवड १९७१ मध्ये आली, तेव्हा या तिसऱ्या पातळीला 'धुरीणत्व' ही समर्थ संज्ञा लाभली. सत्ताधारी वर्ग केवळ बळावर राज्य करीत नाही. शाळा, धर्मसंस्था, भाषा, वाङ्मय यांच्याद्वारे तो आपली जीवनदृष्टी सर्वांची जीवनदृष्टी म्हणून रुजवतो, असा त्याचा आशय. मिशेल फूको यांनी सत्तेला राज्यसंस्थेच्या केंद्रापासून सोडवून तुरुंग, शाळा, रुग्णालय आणि ज्ञानव्यवहार यांत विखुरलेले पाहिले. येथपासून भाषा हा राजकीय समाजशास्त्राचा गाभ्याचा विषय झाला.

३

भारतात ही ज्ञानशाखा आली तेव्हा आधुनिकीकरणाच्या गृहीतकाला पहिला धक्का जातीने दिला. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५० च्या दशकात 'प्रभुत्वशाली जात' ही संकल्पना मांडली. संख्याबळ, जमिनीची मालकी आणि स्थानिक कर्मकांडातील बऱ्यापैकी वरचे स्थान ज्या जातीकडे असते, ती खेड्याच्या राजकारणावर वर्चस्व गाजवते, हे त्यांनी म्हैसूरकडील एका खेड्याच्या निरीक्षणातून दाखविले. रुडॉल्फ पतिपत्नींनी १९६७ मध्ये परंपरा स्वतःच आधुनिक होऊ शकते, असे प्रतिपादन केले. रजनी कोठारी यांनी १९७० मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात प्रश्नच उलटा फिरवला. राजकारणात जातीयवाद शिरला अशी तक्रार करण्याऐवजी, राजकारणामुळे जातीचे काय झाले, हे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता.

महाराष्ट्राच्या संदर्भात या दृष्टीने बरेच मौलिक काम झाले. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले. १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. सहकारी साखर कारखान्यांचे जाळे पसरले. या नव्या सत्तास्थानांवर कोण आले, हा अभ्यासकांचा पहिला प्रश्न होता. व. म. सिरसीकर यांनी १९७० मध्ये ग्रामीण अभिजनांचा आणि बा. शं. बाविस्कर यांनी १९८० मध्ये कोपरगावच्या साखर कारखान्यातील राजकारणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जयंत लेले यांचा १९८१ चा ग्रंथ यापुढे गेला. अभिजनांमध्ये गटबाजी आणि स्पर्धा दिसते, म्हणून सत्ता विखुरलेली आहे असे मानणे चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्पर्धा कितीही असो, वर्गीय सत्ता अबाधित राहते. आणि जातीची, भाऊबंदकीची आपलेपणाची भावना श्रीमंत व गरीब मराठा शेतकऱ्यांमधील अंतर झाकून टाकते. ग्राम्शीचे धुरीणत्व येथे महाराष्ट्राच्या मातीत उतरलेले दिसते.

तथापि या बहुतेक अभ्यासांची नजर सत्तास्थानी बसलेल्यांवर होती. ज्यांच्यावर सत्ता चालते त्यांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न दुसऱ्या प्रवाहात झाला. गेल ऑम्वेट यांनी १९७६ मध्ये सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करताना तिला सांस्कृतिक बंड म्हटले. रोझलिंड ओहॅनलन यांनी १९८५ मध्ये महात्मा फुले यांच्या पोवाड्यापासून 'गुलामगिरी'पर्यंतच्या लेखनाकडे सत्तेच्या प्रतीकांची फेरमांडणी म्हणून पाहिले. १९८२ पासून रणजित गुहा यांच्या संपादनाखाली निघालेल्या 'सबाल्टर्न स्टडीज'च्या खंडांनी वंचितांच्या कृतीला स्वतःचे तर्कशास्त्र असते, ही भूमिका देशभर पोहोचविली. परिणामी आजवर 'वाङ्मय' म्हणून बाजूला ठेवलेली सामग्री राजकीय पुरावा म्हणून पुढे आली.

४

आता नामांतराच्या प्रश्नाकडे वळता येईल. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे झाली. त्यापूर्वीच १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत तेथे महाविद्यालय सुरू केले होते. नागसेनवनातील या शैक्षणिक परिसरातून शिकलेली दलित तरुणांची एक पिढी पुढे आली. गंगाधर पानतावणे यांनी संपादित केलेल्या 'अस्मितादर्श'सारख्या नियतकालिकाने तिला वाङ्मयीन आवाज दिला. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे ही मागणी या पार्श्वभूमीवर १९७० च्या दशकात जोर धरू लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यातील अनेक खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ठरावाची अंमलबजावणी थांबली. १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला; पुढे वर्षानुवर्षे आंदोलने, तुरुंगवास आणि आत्मबलिदाने झाली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव मिळाले.

पहिल्या पातळीवरून, म्हणजे निर्णयाच्या दृष्टीने, पाहिले तर हा प्रश्न १९७८ मध्येच सुटला असे म्हणावे लागेल. लोकनियुक्त विधिमंडळाने ठराव केला होता. डाल यांच्या पद्धतीने नोंद केल्यास मागणी करणारा गट विजयी ठरतो. प्रत्यक्षात मात्र तो सोळा वर्षे पराभूत राहिला. ठरावाच्या वेळी आणि अंमलबजावणीच्या वेळीही मुख्यमंत्रिपदी शरद पवार होते, ही बाब येथे लक्षणीय आहे. केवळ व्यक्ती किंवा तिची इच्छा हे या विलंबाचे पुरेसे स्पष्टीकरण होऊ शकत नाही.

दुसरी पातळी हा विलंब समजावून सांगते. झालेला निर्णय अमलात न येणे हीही एक राजकीय कृती असते. ज्यांच्या हाती खेड्यातील जमीन, सहकारी संस्था आणि मतांची जुळवाजुळव होती, त्यांना दुखविण्याची जोखीम लागोपाठच्या सरकारांनी पत्करली नाही. ठराव रद्दही झाला नाही आणि अमलातही आला नाही. तो केवळ ठेवून दिला गेला. अनिर्णयाचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण. जमिनीचा संदर्भही येथे विसरता येत नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक व गायरान जमिनीचा प्रश्न उभा केला होता. गावकीची परंपरागत कामे नाकारणारा, शिकणारा, जमीन मागणारा दलित हा जुन्या ग्रामव्यवस्थेला दिलेला नकार होता. वर्गीय विश्लेषण या संघर्षाची ही भौतिक बाजू अचूक दाखवते.

परंतु एक प्रश्न उरतोच. ज्या खेड्यांत घरे जळाली, तेथील बहुसंख्य शेतकऱ्यांचा विद्यापीठाशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. विद्यापीठाचे नाव बदलल्याने त्यांची जमीन, मजुरी किंवा पीक यांत काहीच फरक पडणार नव्हता. मग एका नावाने एवढा क्षोभ का उसळावा? येथे तिसऱ्या पातळीचा विचार अपरिहार्य होतो, आणि तो करताना ल्यूक्स यांच्या मांडणीत एक दुरुस्तीही करावी लागते. धुरीणत्व वंचितांच्या मनावर चालते, असे सामान्यपणे मानले जाते. जेम्स स्कॉट यांनी १९८५ मध्ये मलेशियातील एका भातशेतीच्या गावाच्या अभ्यासातून या समजुतीला आव्हान दिले. गरीब लोक वरकरणी मान तुकवतात, पण मनाने व्यवस्था स्वीकारतातच असे नाही, हे त्यांनी दाखविले. मराठवाड्यातील दलितांच्या बाबतीत तर अशा मान्यतेचा प्रश्नच उरला नव्हता. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाने आणि १९५६ च्या धर्मांतराने ती उघडपणे मोडली होती. या प्रकरणात तिसऱ्या पातळीवरील सत्ता वंचितांपेक्षा हल्ला करणाऱ्यांच्या मनावर अधिक काम करीत होती. सार्वजनिक जीवनातील मोठी नावे कोणाची असावीत, याविषयीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीने गरीब शेतकऱ्याला त्याच्या हिताशी संबंध नसलेल्या लढाईत उभे केले. लेले ज्याला झाकलेले वर्गीय अंतर म्हणतात, ते झाकण्याचे काम येथे नाव या प्रतीकाने केले.

विरोधकांच्या बाजूने प्रादेशिक अस्मितेचा युक्तिवाद पुढे आला. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेल्या प्रदेशाचे नाव पुसले जाईल, असे सांगितले गेले. प्रदेशाची उपेक्षा ही खरी वेदना होती. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात ती व्यक्तही झाली होती. पण त्या वेदनेचा रोख राजधानीकडून दलित वस्तीकडे वळविला गेला. १९९४ च्या तडजोडीत 'मराठवाडा' हा शब्द राखून त्याआधी डॉ. आंबेडकरांचे नाव जोडण्यात आले आणि या कृतीला 'नामांतरा'ऐवजी 'नामविस्तार' म्हटले गेले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. 'अंतर' म्हणजे बदल; 'विस्तार' म्हणजे जे आहे त्यात भर. सोळा वर्षांचा संघर्ष अखेर एका उपपदाच्या निवडीत मिटवावा लागला. सत्ता भाषेत वास करते, या विधानाचा अर्थ यातून स्पष्ट होतो.

५

तिसऱ्या पातळीकडे लक्ष वेधणाऱ्या नव्या दृष्टींनी अभ्यासाचे क्षेत्र विस्तारले, यात शंका नाही. अनुपमा राव यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात मराठवाड्यातील हिंसेचा विचार प्रतीकांच्या राजकारणाच्या संदर्भात केला, आणि दलित हा हक्क मागणारा नागरिक म्हणून कसा घडत गेला, हे दाखविले. पार्थ चॅटर्जी यांनी २००४ मध्ये केलेला 'नागरी समाज' आणि 'राजकीय समाज' हा भेद येथे पारखून पाहण्याजोगा आहे. त्यांच्या मते नागरी समाज हा मूठभर अभिजनांचा. बहुसंख्य गरीब शासनाशी सवलतींच्या वाटाघाटी करीत जगतात. नामांतराची मागणी मात्र या विभागणीत बसत नाही. ती सवलत मागत नव्हती. विद्यापीठासारख्या नागरी समाजाच्या गाभ्यातील संस्थेवर समान हक्क सांगत होती. महाराष्ट्राचा अनुभव सिद्धान्ताला अशी मर्यादा घालू शकतो, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

स्त्रीवादी दृष्टीने सत्तेचा शोध घराच्या उंबऱ्याआत नेला. उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये जात आणि स्त्रियांवरील नियंत्रण यांचा अन्योन्यसंबंध 'ब्राह्मणी पितृसत्ता' या संज्ञेने स्पष्ट केला. शर्मिला रेगे यांनी १९९८ मधील निबंधात आणि २००६ मधील ग्रंथात दलित स्त्रियांच्या लेखनाला साक्षीचे मोल दिले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' किंवा ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' वाचताना हे जाणवते की, वस्तीबाहेरील सत्ता आणि घरातील सत्ता या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. संघर्षाच्या इतिहासात नेत्यांची नावे उरतात. जळालेले घर पुन्हा उभे करणारीचे नाव उरत नाही. ही अनुपस्थिती हाही पुरावाच होय.

६

नव्या दृष्टींचे स्वागत करताना त्यांच्यातील दोन धोक्यांकडे दुर्लक्ष होता कामा नये. पहिला धोका असा की, प्रतीक, नाव, भाषा यांवर सारे लक्ष केंद्रित झाल्यास जमीन, मजुरी आणि अंमलबजावणी हे प्रश्न नजरेआड होतात. नामांतराचा संघर्ष केवळ अस्मितेचा होता असे म्हणणे जितके अपुरे, तितकेच तो केवळ आर्थिक होता असे म्हणणेही अपुरे. नव्या दृष्टीने जुनी दृष्टी बाद होत नसते. तिला न दिसलेली जागा दाखवली जाते, इतकेच. तिन्ही पातळ्या एकत्र पाहिल्यावाचून ठराव का झाला, तो का अडला आणि नावासाठी रक्त का सांडले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

दुसरा धोका साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचा आहे. वाङ्मयाला पुरावा म्हणून मान मिळताच ते केवळ पुरावा म्हणून वाचले जाऊ लागते. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन याचे उदाहरण म्हणून घेता येईल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविलेल्या जमातींवरील तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला. पण पोलीस आणि गाव यांच्या व्यवहारात तो टिकून राहिला, हे या पुस्तकात दिसते. समाजशास्त्रज्ञाला येथे राज्यसंस्थेचे खालून दिसणारे रूप सापडते, आणि ते मोलाचे आहे. तथापि हे रूप लेखकाने कोणत्या बोलीत, कोणत्या क्रमाने, काय सांगून आणि काय गाळून उभे केले, हे पाहिल्याशिवाय तो पुरावाही नीट वाचता येत नाही. आत्मकथन ही साक्ष असली तरी ती साक्ष रचलेली असते. तिची रचना हाच कित्येकदा सत्तेला दिलेला जाब असतो. भाषेत सत्ता वसते हे एकदा मान्य केले की, भाषेची बारकाईने पारख करणारी वाङ्मयीन चिकित्सा समाजशास्त्राची दुय्यम साहाय्यक राहत नाही. ती त्याची बरोबरीची सहकारी ठरते.

सारांश, राजकीय समाजशास्त्राची वाटचाल निर्णयाकडून अनिर्णयाकडे, आणि तेथून मान्यतेच्या व भाषेच्या प्रांताकडे झाली आहे. कोणतीही राजकीय कादंबरी, आत्मकथन किंवा जलसा हाती घेताना अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : येथे निर्णय कोण घेते, कोणता प्रश्न पुढे येऊच दिला जात नाही, आणि कोणती गोष्ट सर्वांना इतकी स्वाभाविक वाटते की, तिच्याविषयी कोणी बोलतही नाही. नामांतराच्या इतिहासात या तिन्ही प्रश्नांची किंमत माणसांनी प्राणांनी चुकती केली आहे. म्हणून ते वर्गातील चर्चेपुरते मर्यादित मानता येणार नाहीत.